खोळ काढा!

आमच्या घरात सध्या सतरा खोळी आहेत. गेल्या रविवारी मी त्या मोजल्या. उशांचे अभ्रे यात धरलेले नाहीत, कारण डोक्याला तेल लावावं की नाही हा आमच्या घरात वेगळा वाद आहे. पण फ्रिजला एक खोळ, त्याच्या मुठीला वेगळी, मिक्सरला एक, वॉशिंग मशीनला चेनवाली एक, टीव्हीला भरतकामाची एक, गॅसच्या सिलिंडरलासुद्धा झालर लावलेली एक. सोफ्याला तर दोन : एक सोफा मळू नये म्हणून आणि दुसरी पहिली खोळ मळू नये म्हणून. पाहुणे आले की वरची काढतात. खालचीही काढावी अशा योग्यतेचा पाहुणा पंचवीस वर्षांत आमच्याकडे आलेला नाही. सोफ्याचा मूळ रंग कोणता, हे आता दुकानदाराला आठवत असेल तर असेल.

या सतरा खोळींविरुद्ध आणि त्यांच्या पाठीशी उभ्या असलेल्या तत्त्वज्ञानाविरुद्ध मी आज लेखणी उचलली आहे. 'वस्तू झाकून ठेवली की टिकते' हे ते तत्त्वज्ञान. मराठी मध्यमवर्गाने देव, धर्म, राजकारण, आमटीत गूळ घालावा की नाही, या सगळ्यांवर भांडून घेतलं. पण या एका वचनावर पेठांपासून पार्ल्यापर्यंत एकमत आहे. माझं म्हणणं असं की हे वचन साफ खोटं आहे. झाकलेली वस्तूही खराब होते. फक्त ती खराब होताना आपल्याला दिसत नाही, एवढंच.

हे ज्ञान मला कुठे झालं? तर अमेरिकेत, एका होडीखाली उताणा पडलो असताना.

आमचे चिरंजीव बोस्टनकडे असतात. तिकडे गेलेली मराठी मुलं साधारणपणे आधी गाडी घेतात, मग घर घेतात आणि मग गणपती बसवतात. आमच्या चिरंजीवांनी शिडाची होडी घेतली. फोनवर "बाबा, बोट घेतली" एवढंच म्हणाला. सौ.च्या डोळ्यांपुढे रेवस-भाऊच्या धक्क्याची लाँच आली असावी. तिने पहिला प्रश्न विचारला, "तिकिटं कोण फाडणार?" प्रत्यक्षात ही होडी बारा फूट चार इंच लांब. आमच्या दिवाणखान्यात सोफा हलवला तर मावेल. तिच्या जातीचं नाव 'बीटल कॅट'. म्हणजे शब्दशः भुंगेरा-मांजर. पण बीटल हे न्यू बेडफर्डच्या होड्या बांधणाऱ्या एका घराण्याचं आडनाव. व्हेल माशांच्या शिकारीसाठी लागणाऱ्या होड्या हे लोक बांधत. तो धंदा बसल्यावर १९२१ साली त्यांनी मुलाबाळांना शीड शिकता यावं म्हणून ही होडी काढली. ओकच्या फासळ्या, त्यांवर सीडरच्या फळ्या, एक डोलकाठी, एक शीड. तेव्हापासून ती तशीच बांधतात. चिरंजीवांची होडी जुनी, वयाने त्यांच्यापेक्षा मोठी. तिचं नाव मी इथे सांगत नाही. ते त्यांनी आपल्या आईचं ठेवलं आहे, आणि पुढे 'गळकी', 'रंग उडालेली', 'बुडाशी कुजलेली' वगैरे विशेषणं भरपूर यायची आहेत.

बोस्टनच्या दक्षिणेला तासा-सव्वा तासावर बझर्ड्‌स बे म्हणून खाडी आहे, तिथे ही होडी असते. असते म्हणजे उन्हाळ्यात असते. ऑक्टोबर आला की होड्या पाण्याबाहेर काढायच्या, यार्डात लाकडी घोड्यांवर चढवायच्या, वर आच्छादन घालायचं आणि एप्रिलात बर्फ गेला की ते काढून खरवड-रंग करून मे महिन्यात पुन्हा पाण्यात सोडायच्या. थोडक्यात, होडी नावाची वस्तू वर्षातले सहा-सात महिने खोळ म्हणूनच नांदते. चिरंजीव अशा छंदात का पडले याचा उलगडा मला तेव्हा झाला. मुलगा शेवटी आईवरच गेला होता.

पहिल्या हिवाळ्यात त्यांनी पांढरं प्लॅस्टिक आणून होडी स्वतः गुंडाळली. या प्लॅस्टिकवर गरम हवेचा झोत मारला की ते आक्रसून अंगाला घट्ट बसतं. होडी बिस्किटाच्या पुड्यासारखी दिसू लागते. त्यात ठिकठिकाणी झरोके बसवायचे असतात. यांनी बसवले नाहीत. का? "झरोक्यातून बर्फ आत गेला तर?" हा सगळा समारंभ ऑक्टोबरात मी व्हिडिओ कॉलवर पाहिला होता आणि "वा! टाचणी जाईल एवढीही फट नाही" अशी दादही दिली होती. ही दाद कृपया लक्षात ठेवा. ती पुढे माझ्या अंगाशी येणार आहे.

एप्रिलात आम्ही दोघं तिकडे गेलो. एप्रिलचा तिसरा सोमवार म्हणजे मॅसॅच्युसेट्समध्ये सुट्टी. १७७५ च्या १९ एप्रिलला लेक्झिंग्टन आणि काँकर्ड इथे इंग्रजांशी पहिली चकमक झाली, तिच्या आठवणीची. त्या दिवशी अर्धं बोस्टन मॅरेथॉन धावतं, अर्धं ती बघतं, आणि उरलेली माणसं होड्या खरवडतात. तिथल्या पंचांगाप्रमाणे वसंत ऋतू सुरू होऊन महिना झाला होता, पण ही बातमी वाऱ्यापर्यंत पोचली नव्हती. मी दोन स्वेटर आणि कानटोपी घातली होती. सौ.ने साडीवर चिरंजीवांचा ओव्हरकोट चढवला होता. आपल्या नावाची होडी ती आज पहिल्यांदा प्रत्यक्ष बघणार होती.

चिरंजीवांनी प्लॅस्टिकला सुरी लावली. पहिला चर्र आवाज झाला आणि आतून जो वास आला, तो मी ओळखला. पावसाळ्यात चार महिने बंद राहिलेल्या खोलीतल्या गादीचा वास. बाहेर हिवाळा संपत होता, पण प्लॅस्टिकच्या आत एक वेगळाच पावसाळा नांदत होता. दिवसा ऊन पडलं की लाकडातली ओल वाफ होऊन वर जायची, रात्री गार पडलं की तिचे थेंब होऊन पुन्हा खाली टपकायचे. भाताच्या पातेल्यावर झाकण ठेवलं की आतून जसं पाणी सुटतं तसं. बाहेर जायला वाट म्हणून नाही. टाचणी जाईल एवढीही फट नव्हती ना! डेकवरच्या कापडावर काळी बुरशी, दोरांवर हिरवी, आणि मागच्या बाजूला एका फळीच्या टोकात चिरंजीवांनी स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर तो पिकल्या चिकूत जावा तसा आत गेला.

"एवढं झाकून ठेवलं होतं तरी?" सौ. म्हणाली.

शेजारी एक म्हातारबुवा आपल्या होडीशी खुडबुडत होते. पंच्याहत्तरीचे असतील. त्यांची होडी आमच्याहून जुनी. तिच्यावर एक ठिगळं लावलेलं जाड कापड, मधोमध आडव्या काठीवरून तंबूसारखं टाकलेलं, पुढून-मागून सताड उघडं. मी वाकून बघितलं. आत सगळं कोरडं ठणठणीत, वारा इकडून तिकडे वाहतोय. म्हातारबुवांनी आमची बुरशी पाहिली आणि जे सांगितलं त्याचा मराठी मथितार्थ असा : "हिला थंडी वाजेल म्हणून तुम्ही गुंडाळलंत. अहो, होडीला थंडी वाजत नाही. होडी गुदमरते."

मी मान खाली घातली. हे मला ठाऊक असायला हवं होतं. माझं लहानपण हर्णैला गेलं. पावसाळा तोंडावर आला की तिथे होड्या वाळूवर ओढत आणि वर माडाच्या झापांचं छप्पर घालत. दोन्ही टोकं उघडी. आम्ही पोरं धो-धो पावसात त्या छपराखाली होडीत बसून चिंचोके खेळायचो. वर पाऊस, आत कोरडं, आणि अंगावरून वारा. नारळी पौर्णिमा झाली की झापं उतरत आणि होड्या पाण्याला लागत. हे शास्त्र आहे असं कोणी म्हणत नसे. तशी रीतच होती. ते सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस ऑक्टोबरात 'वा!' म्हणून बसला होता.

आता तुम्ही म्हणाल, मग काय वस्तू उन्हापावसात उघड्या टाकायच्या? नाही. मी एवढा वाहवलेलो नाही. पाऊस हा लाकडी होडीचा शत्रूच. गंमत म्हणजे समुद्र नाही, पाऊस. गोड्या पाण्याने लाकूड कुजतं, खाऱ्या पाण्याने टिकतं. न्यू इंग्लंडचे जुने कारागीर जहाज बांधताना फासळ्यांच्या मधल्या पोकळीत मीठ भरत, ते याचसाठी. आपण लोणच्याला जे करतो ते त्यांनी जहाजाला केलं. तेव्हा छप्पर हवंच. पण छप्पर वेगळं आणि खोळ वेगळी. छपराखाली वारा जातो, वेळप्रसंगी माणूसही जातो. खोळीत फक्त वस्तू जाते, आणि बहुधा कायमची जाते.

पुढचे पाच शनिवार-रविवार मी होडीखाली काढले. जुना रंग खरवडायचा. त्यात तांबं असतं, शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून. तेव्हा तो जमिनीवर सांडायचा नाही, नाकातोंडात जाऊ द्यायचा नाही. खाली चादर, तोंडाला मास्क, अंगात कागदी झगा. आरशात पाहिलं तर मी ऑपरेशन करायला निघालोय की माझ्यावर ऑपरेशन होणार आहे, ते कळेना. मग घासायचं, मग अस्तर, मग रंग. काठांना वार्निश, आणि तेही एक हात नव्हे. वार्निश ओलं असलं की पंचक्रोशीतली प्रत्येक माशी तिथे येऊन बसते. कुजलेल्या फळीचा तुकडा एका सुताराने बदलून दिला. त्याचं बिल चिरंजीवांनी मला दाखवलं नाही आणि मीही मागितलं नाही.

या सगळ्यात एक प्रकार मात्र सांगायलाच हवा. होडी सहा महिने जमिनीवर राहिली की फळ्या वाळून आकसतात आणि त्यांच्यामध्ये फटी पडतात. काही ठिकाणी पलीकडचा उजेड दिसत होता. मी मराठी गृहस्थ. फट दिसली की हात शिवशिवतात. मी लांबीचा डबा उघडला आणि सुरीने दाबून दाबून फटी बुजवायला घेतल्या. म्हातारबुवा धावतच आले. म्हणाले, "थांबा, थांबा! पाण्यात गेली की फळ्या फुगणार. फुगायला जागा ठेवली नाहीत तर त्या जातील कुठे? आतल्या फासळ्या मोडतील." तेव्हा फटींत मऊ काहीतरी अलगद भरायचं आणि बाकीचं पाण्यावर सोडायचं. होडीचं दुखणं पाण्यात गेल्यावरच बरं होतं, हे मला पटायला जरा वेळ लागला. आमचं आयुष्य दुखणं बरं झाल्यावरच पाण्यात जा, असं ऐकण्यात गेलेलं.

अखेर मे महिन्याच्या शेवटी होडी पाण्यात सोडली. डोलकाठी उभी करताना तिच्या बुडाखाली नाणं ठेवायची तिकडे रीत आहे. ती फार जुनी आहे. लंडनला थेम्सच्या काठी १९६२ साली एक रोमन जहाज सापडलं, त्याच्या डोलकाठीच्या खाचेतही नाणं निघालं होतं. मी खिशातला एक रुपया ठेवला. सौ.ने इंडियन स्टोअरमधून आणलेला नारळ वाढवला. टाळ्या झाल्या. आणि पाच आठवडे खरवडून, घासून, रंगवून आरशासारखी केलेली ती होडी आमच्या डोळ्यांदेखत शांतपणे बुडू लागली.

"अरे, बुडतेय ती!" सौ. ओरडली. स्वतःचं नाव पाण्याखाली जाताना बघणं तसं कोणालाही अवघडच.

"बुडू दे आई," चिरंजीव म्हणाले, "तिला दोन-तीन दिवस असंच ठेवायचं असतं."

खरोखरच तसं असतं. उथळ पाण्यात दोरीने बांधून होडी बाकांपर्यंत बुडू द्यायची आणि घरी जायचं. रात्री सौ.ला झोप लागली नाही. तुकोबांची गाथा तेरा दिवसांनी वर आली म्हणतात. आमची होडी तिसऱ्या दिवशी आली. म्हणजे आतलं पाणी आम्ही पंपाने उपसलं आणि नवं पाणी आत येईना. फळ्या फुगून एकमेकींना घट्ट भिडल्या होत्या. ज्या फटीतून मी परवा उजेड पाहिला होता, ती बोटाने चाचपूनही सापडेना. सहा महिन्यांच्या झाकणाने जे बिघडवलं होतं, ते तीन दिवसांच्या पाण्याने सांधलं.

माझ्या अंगात तेव्हापासून वक्ता संचारला. पुरावे समोरच होते. बोस्टनच्या बंदरात 'कॉन्स्टिट्यूशन' नावाचं १७९७ सालचं लाकडी युद्धजहाज आजही पाण्यावर आहे. त्याला काचेच्या पेटीत ठेवलेलं नाही. चार जुलैला टग लावून ते बंदरात फिरवून आणतात आणि परत येताना तोंड उलटं करून बांधायची रीत आहे, म्हणजे ऊनवारा दोन्ही अंगांना सारखा लागेल. झाकायचं नाही, उलटून ठेवायचं! आणि आपल्या मुंबईच्या गोदीत वाडियांनी १८१७ साली सागवानात बांधलेलं 'त्रिंकोमाली' इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय. १९८६ पर्यंत त्यावर मुलांना शिकवत होते. पोरांच्या पायाखाली तुडवलं गेलेलं जहाज टिकलं, आणि आमचा बोनचायनाचा टी-सेट, जो 'चांगल्या प्रसंगी' काढायचा म्हणून चाळीस वर्षं वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता, तो काढायला गेलो तर कानच हातात आला. चांगला प्रसंग येऊन गेला असणार. आम्हाला कळला नाही.

हे सगळं मी परतीच्या विमानात सौ.ला सुनावत होतो. फ्रिजपासून सुरुवात करून सिलिंडरपर्यंत आलो. तिने सगळं ऐकून घेतलं. मग खिडकीबाहेर बघत एवढंच विचारलं, "अहो, पेटीची खोळ कोणी आणली होती?"

विमान तेव्हा अटलांटिकवर होतं. उतरून जायची सोय नव्हती.

सौ. माहेरहून येताना पेटी घेऊन आली होती. संध्याकाळी दिवेलागणीला ती पेटीवर भजनं वाजवायची. चांगलं वाजवायची, चाळीतल्या बायका दारात येऊन उभ्या राहायच्या. लग्नानंतर तीन-चार वर्षांनी मी एके दिवशी पेटीच्या मापाची रेक्झिनची खोळ शिवून आणली, बटणांची, आतून फलाटीन लावलेली. "चांगली वस्तू आहे, जपून राहू दे," असं म्हणालो. ती खूश झाली. पण ती बटणं काढायला-लावायला वेळ लागायचा, त्यात पोर लहान, आणि पेटी हळूहळू कॉटखाली गेली, कॉटखालून कपाटावर गेली आणि कपाटावरून माळ्यावर. खरी गोष्ट मी आजवर कुठे बोललेलो नाही, ती इथे छापून टाकतो. सात वाजता बातम्या लागायच्या. पेटीमुळे मला त्या ऐकू येत नसत.

तेव्हा टाचणी जाईल एवढीही फट न ठेवण्याचा वारसा चिरंजीवांना आईकडून आला, हे माझं वरचं विधान मी मागे घेतो.

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी पेटी माळ्यावरून काढली. खोळ नवीकोरी होती. आत पेटीच्या भात्याला चिरा गेल्या होत्या, आणि जे सूर वाजायला हवेत ते गप्प अन् ज्याला हात लावला नाही तो एक आपला आपणच रडतोय. दुरुस्त करणाऱ्याने ती उघडून बघितली आणि विचारलं, "वाजवत नव्हता ना? वाजवून झिजते त्यापेक्षा न वाजवून जास्त बिघडते ही." त्याने बझर्ड्‌स बे पाहिलेला नाही.

पेटीला नवा भाता बसला. दोन सूर अजून जरा घोगरे आहेत. सौ.ची बोटंही पहिले आठ दिवस अडखळत होती. मी काही बोललो नाही. फळ्या फुगायला वेळ द्यावा लागतो.

तर वाचकहो, आजच्या आज उठा आणि घरातली एक तरी खोळ काढा. कुठली ते मी सांगणार नाही. तुमचं तुम्हाला ठाऊक असेल. आमच्याकडे पूर्वी अठरा होत्या, आता सतरा आहेत. बाकीच्यांवर वाटाघाटी चालू आहेत. फक्त टीव्हीच्या भरतकामाच्या खोळीबद्दल मी माझं मत जरा बदललं आहे. ती संध्याकाळी सात ते आठ टीव्हीवर असलेली बरी, असं आमच्या घरात ठरलं आहे.